सक्करदऱ्यातल्या निरोगी बायका

माझ्या नावापुढे 'डॉक्टर' लागलं त्या आठवड्यात मी गावी, पारशिवनीला गेलो, तर काकांनी भर अंगणात सदरा वर करून मला पाठ दाखवली. "इथं चमक येते, पाह्य गा जरा." मी म्हटलं, काका, मी पीएचडीचा डॉक्टर आहे, मला औषध देता येत नाही. काकांनी सदरा खाली केला आणि मी तिथे नाहीच असं समजून आईला म्हणाले, "इतके वर्सं शिकवला, अन् सुई नाई देत?"

आईने माझी बाजू घेतली. "देत नाई, काढते. लोकायचं रक्त काढते थो."

काका एक पाऊल मागे सरकले. तेव्हापासून गावात माझा मान आहे, पण माझ्याशेजारी बसायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजच्या आत फक्त आजोबा गेले होते, तेही पाण्याची टाकी बांधायला. माझ्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असायचं. फुटेल म्हणून आतलं काही बाहेर निघत नसे. विज्ञानाचे सर आम्हाला ओळीने कपाटासमोर उभं करत आणि काचेतून परीक्षानळी दाखवत. "ही ती. नीट पाहून घ्या, पेपरात येते." त्या सरांचे उपकार मी विसरू शकत नाही. आज प्रयोगशाळेत एकदा वापरलेल्या नळ्या आम्ही डबा भरभरून फेकतो, तेव्हा दर वेळी वाटतं, सरांनी हे पाहिलं तर ते रडतील.

आता माझं काम सांगतो. लग्नघरात एखादे काका असतात. घराची अब्रू सांभाळायला आलेले. पाहुण्यांशी कोणी वाकडं बोललं तर धावून जायचं, एवढंच त्यांचं काम. पण एखाद्या वेळी त्यांचं डोकं फिरतं आणि बाहेरचा कोणी सापडला नाही की ते आपलाच मांडव पाडतात. शरीराची संरक्षण यंत्रणा कधीकधी अशी वागते. ती सांध्यांवर उतरली तर आमवात होतो, रक्तवाहिन्यांवर उतरली तर रक्तवाहिन्यांचा दाह होतो. त्यात कातडीवर जांभळे ठिपके येतात आणि वेळेत धरलं नाही तर मूत्रपिंडं जातात. हे काका का रुसतात, कोणाच्या सांगण्यावरून रुसतात, हे शोधायला मला सरकार पगार देतं. अजून नीट कळलेलं नाही. पगार मात्र वेळेवर येतो.

या संशोधनात रुग्ण मिळणं सोपं असतं, निरोगी माणूस मिळणं महाकठीण. रुग्णांच्या रक्तात काय वेगळं आहे हे सांगायचं तर त्याच वयाच्या, त्याच भागातल्या धडधाकट माणसांचं रक्तही लागतं. आमचे बहुतेक रुग्ण म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या बायका. म्हणजे आम्हाला पन्नाशीच्या पुढच्या, काहीही न दुखणाऱ्या बायका हव्या होत्या. अशी बाई विदर्भात शोधून पाहा.

मी नागपुरातल्या गांधीबागेत एका साडीच्या दुकानात जाऊन पाहिलं. शेठजींनी गादीवरून विचारलं, "बिमार नही है तो खून किसलिए?" तिथे साडी पाहत बसलेल्या एका बाईंना मी हात जोडून समजावलं. त्या तयारही झाल्या होत्या, पण त्यांचे यजमान मध्ये पडले. "हिचं नका घेऊ साहेब, हिच्यात आधीच कमी हाय." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचंच घ्यावं लागणार असं क्षणभर वाटलं.

मार्ग आईने काढला. ती आमच्याकडे सक्करदऱ्याला राहते. संक्रांत झाली होती, रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवं चालू होती.

"एवढ्या बाया एका जागी कधी येतात? हळदीकुंकवाले," ती म्हणाली. "तिथंच घे रक्त."

"पण आपल्याकडे हळदीकुंकू कोण करणार?" मी विचारलं, कारण शिक्षिका असलेल्या बायकोच्या शाळेत परीक्षा होत्या आणि तिने आधीच हात वर केले होते.

"मी."

मी तिच्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायका वाईट नाहीत. तिच्यासाठी तिळगुळ डब्यात घालून पाठवायच्या, दारातूनच. डबा धुऊन परत पाठवताना आई त्यात साखर घालायची. या विषयावर आमच्या घरात याहून जास्त कधी कोणी बोललं नव्हतं.

"असं काय पाहून राहिला?" आई म्हणाली. "रक्ताले का कुंकू लागते?"

रीतसर परवानगी काढली. संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीने बजावलं की भाग घेणाऱ्यांना चहा-बिस्किटांपलीकडे काही द्यायचं नाही, नाहीतर ते आमिष ठरतं. हे मी आईला दोनदा सांगितलं. तिने मान डोलावली आणि स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्या.

त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये एका बाजूला हळदीकुंकवाचं तबक, दुसऱ्या बाजूला जेवणाच्या टेबलावर सुया, नळ्या आणि बर्फाची पेटी. रक्त काढायला आमच्या टेक्निशियन ताई होत्या. माझ्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्या देखरेखीला आल्या. दारातच कोणीतरी त्यांना कुंकू लावलं, अत्तर लावलं आणि हातात उसाचं कांडं दिलं. जागतिक परिषदांमध्ये भाषणं देणाऱ्या आमच्या मॅडम पुढचा तासभर ते कांडं धरून उभ्या होत्या. ठेवायला जागाच नव्हती.

आईने सगळ्यांना शांत केलं आणि जाहीर केलं, "ज्यायचं रक्त, त्यायलेच वाण!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नियम असा होता की सुई टोचण्याआधी प्रत्येकीला मी काही प्रश्न विचारायचे. सांधे दुखतात का? सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? कुठे सूज, अंगावर ठिपके, लघवीचा रंग बदललाय? एकाचंही उत्तर हो आलं तर ती बाई आमच्या कामाची नाही; तिला चहा द्यायचा आणि दवाखान्याची चिठ्ठी. हे प्रश्न एकेकीला आतल्या खोलीत नेऊन विचारायला हवे होते, पण आतल्या खोलीत बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या पर्सा आणि दोन झोपलेली नातवंडं होती. म्हणून मी सोफ्यावर बसून, सगळ्यांच्या देखत विचारलं.

यजमानीण म्हणून आई पहिली.

"सांधे दुखतात?"

"नाई."

"सकाळी बोटं आखडतात?"

"नाई म्हनलं ना. पुढचं इचार."

दुसऱ्या आल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. आईची एकुलती एक मैत्रीण. डब्यातला तिळगुळ पाठवायची कल्पना त्यांचीच. विहिरीतून पोहरा ओढावा तसा कठडा ओढत जिना चढताना मी त्यांना रोज पाहायचो. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा वाट्यांकडे.

"नाई बाप्पा. काहीच नाई दुखत."

मग जे सुरू झालं ते थांबेना. घरची यजमानीण काही दुखत नाही म्हणते, तिथे आपलं दुखणं काढणारी कोण? एकजात सगळ्या निरोगी. एक आजी दारापासून सोफ्यापर्यंत उघड उघड लंगडत आल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "हे चपलेचं हाय."

संध्याकाळी बर्फाची पेटी गच्च भरली. मॅडम म्हणाल्या, "वाटीचं समितीला मी कळवते, बोलणी मी खाईन." स्वतःचं रक्त दिल्यामुळे त्यांनाही एक वाटी मिळाली होती, ती त्यांनी परत केली नाही. आई दारात उभी राहून एकेकीला वाण देत होती. बाबा गेल्यानंतर इतक्या मोठ्याने हसताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

रक्ताचे अहवाल आले तेव्हा मॅडमनी मला बोलावलं.

"तुमच्या या निरोगी बायकांपैकी निम्म्यांच्या रक्तात दाह आहे," त्या म्हणाल्या. "सक्करदऱ्यात कोणाचा गुडघा दुखत नाही, पण रक्त मात्र पेटलंय. हे काय आहे?"

मी म्हटलं, "हळदीकुंकू आहे, मॅडम."

"त्यात दोन नमुने वाईट आहेत. एक रक्तवाहिन्यांच्या दाहाचा वाटतो. दुसरा सरळसरळ आमवात. या दोघींना आजच कळवायला हवं." नमुन्यांवर फक्त आकडे असतात, कोणता आकडा कोणाचा, हे मॅडमशिवाय कोणाला माहीत नसतं. मी त्यांच्या केबिनमधून बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसलो. काचेपलीकडे त्या नंबर लावताना दिसत होत्या.

माझा मोबाईल वाजला.

मी पाहिलं. मॅडमचाच फोन. काचेतून मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आईला मोबाईल वापरायचा कंटाळा, संपर्कासाठी तिने माझा नंबर दिला होता. मॅडमनी हळूच फोन खाली ठेवला. नियमाने त्यांना मला काही सांगता येत नव्हतं, आणि आता सांगायचं काही उरलंही नव्हतं.

"घरी जा," केबिनचं दार उघडून त्या एवढंच म्हणाल्या.

आई बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेंगा बोटांनी सोलतात. ती मात्र प्रत्येक शेंग जमिनीवर ठेवून तळहाताने दाबत होती आणि फुटली की दाणे खाली झटकत होती. दोन्ही मनगटं फुगलेली. हे सगळं रोज माझ्यासमोरच चाललं होतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकात दुसऱ्यांच्या सांध्यांचे तुकडे पाहून माझे डोळे थकलेले असायचे, असं कारण मी स्वतःला दिलं. बायकोला ते पटलं नाही. "गल्लीतले सगळे सांधे तपासले," ती संध्याकाळी म्हणाली, "घरातले तेवढे राहिले."

मी आईशेजारी बसलो. "माय, बोटं दुखतात का वं?"

"कोणाची?"

"तुही."

"सगळ्यायचीच दुखतात."

"त्या दिवशी नाई म्हनली."

"त्या दिवशी नव्हती दुखून राहिली."

"कधीपासून दुखतात?"

तिने एक शेंग फोडली. "पोळ्यापासून."

पोळा म्हणजे श्रावण संपताना. आता माघ चालू होता. "मंग सांगतलं काहून नाई?"

"तुले निरोगी बाई पाहिजे होती ना?" ती वैतागून म्हणाली. "बिमार तर तुह्याकडं ढिगानं हाय. तिथं अजून एक कायले?"

मी आमवाताबद्दल बोलू लागलो. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, मग वाळवीसारखं हाडात शिरतं. सुरुवातीलाच औषध घेतलं तर हात वाचतात. उशीर झाला तर बोटं वाकतात ती परत सरळ होत नाहीत. औषध सोपं आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही कोणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली.

"काय नाई?"

"दवाखान्यात नाई जात. उद्या सगळ्या बिल्डिंगले कळन, हे खोटं बोलली अन् सगळ्यायच्या आधी रांगेत जाऊन बसली." मग शेंगा पुढे ढकलून म्हणाली, "तुहा बाप गेला तवा एका रांगेतून काढलं मले. आता निरोगी बायायच्या रांगेतूनई काढता का?"

मी उठून आत गेलो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी रोज विचारायचो, ती रोज नाही म्हणायची. मनगटं मात्र दिसत होती. कढई ती आता कोपरापासून दोन्ही हातांनी कवळून उचलायची, लहान मूल उचलावं तशी. मी उचलायला गेलो तर ओरडायची.

दरम्यान उरलेला वाईट नमुना कोणाचा हे कळायला मला मॅडमची गरज पडली नाही, कारण मॅडम स्वतः जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्या आणि अर्ध्या तासाने तशाच परत आल्या. काकूंनी त्यांना पोहे खाऊ घातले होते आणि सगळ्या प्रश्नांना नाही म्हटलं होतं.

"त्या ऐकतच नाहीत," जाता जाता त्या मला जिन्यात म्हणाल्या. कोणाबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही. "अशा केसमध्ये किडनीला वेळ नसतो. काय करावं?"

मी घरात आलो. बायको शाळेत होती. आई टीव्हीसमोर होती, पण आवाज बंद करून. जिन्यातलं तिने सगळं ऐकलं होतं. या बिल्डिंगमध्ये आवाज बंद करून टीव्ही पाहणं याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

"थे नाई म्हनली?" तिने विचारलं.

"मले सांगता येत नाई, माय. नियम हाय."

"नियम ठेव खिशात. तिच्या पायावर जांभळे ठिपके हाय. घोट्यापासून वर. दिवाळीत मले दाखोले होते. मी म्हनलं, लुगडं खाली घे, दिसत नाई."

मी खाली बसलो. "माय, थे ठिपके म्हणजे रक्ताच्या नळ्या सुजल्या. मूत्रपिंडं जातात त्याच्यात. माणूस जाते."

"मंग सांगत काहून नाई थे?"

"तू काहून नाई सांगतलं?"

आईने टीव्ही बंद केला. चिडलेली होती, माझ्यावर की स्वतःवर, मला कळलं नाही.

"तू पयली नाई म्हनली," मी म्हटलं. "तुह्या मागं सगळ्या नाई म्हनल्या. तू हो म्हनत नाई तोवर थ्या काकू हो म्हननार नाई."

ती उठली. पदर खोचला, पायात चपला घातल्या. वरच्या मजल्यावर जायला चपला कोणी घालत नाही. मी मागे निघालो तर म्हणाली, "तू ये, पन तोंड नको उघडू. तुह्या तोंडानंच झालं हे सगळं."

काकूंनी दार उघडलं. आईने नमस्कार नाही, चमत्कार नाही, दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले.

"पाह्य वं. पोळ्यापासून दुखून राहिले. मी खोटं बोलली."

काकूंनी हात पाहिले. "माहीत हाय मले. तू खिचडीचा गंज आनला तवा कडी नाई धरली, बुडाखालून धरला."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुह्या घरचा कारेक्रम. तुह्या तोंडावर तुले खोटं पाडू का? इतक्या वर्सानं पयला कारेक्रम तुहा, अन् मी उठून म्हनू, हिचे सांधे दुखतात, माह्ये पाय सडले?"

"सडले नाई काही. नळ्या सुजल्या. माहा पोरगा म्हनते." आईने माझ्याकडे न पाहता अंगठा माझ्या दिशेने केला. "चाल दवाखान्यात. मी येतो संगं. माह्ये हात दाखवतो, तू पाय दाखव."

काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "अन् बाकीच्या? त्या हासन."

"थे चपलेवाली हासन का? हासू दे." आई म्हणाली, आणि मग जिन्यातूनच, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "माह्ये सांधे दुखतात वं! ज्यायचे दुखतात त्यायनं सांगून टाका आता!"

मग खालच्या मजल्यावरून दार उघडल्याचा आवाज, आणि एक बारीक आवाज वर आला: "माह्ये गुडघे!" मग दुसरं दार. संध्याकाळपर्यंत कोणाचं जास्त दुखतं यावर दोघींची बोलाचाली बंद झाली होती.

माझ्या निरोगी गटात शेवटी तीन बायका उरल्या, त्यातल्या एक मॅडम. आमचं संशोधन तिथून नव्याने सुरू करावं लागलं. आता प्रश्न आतल्या खोलीत, एकटीला, दार लावून विचारले जातात.

काकूंना भरती करावं लागलं. मूत्रपिंडांना मार बसला होता, पण थोडक्यात वाचली. स्टेरॉइडने त्यांचे गाल टम्म झाले आणि त्यांचे यजमान, काकाजी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की लग्नातसुद्धा ही इतकी गोरीगोमटी दिसली नव्हती. दुसऱ्या खाटेवरून कोणी हसलं की काकू म्हणायच्या, "यायले पन भरती करून घ्या, डोकं सुजलं."

आईने आठवड्याची गोळी गुरुवारी धरली. गुरुवार तिचा उपासाचाही वार. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी नको. तेव्हा तिने उपास सोमवारी नेला. देवाला कसं कळवलं, मला माहीत नाही. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही आणि रोज सकाळी तिने मला त्याबद्दल ऐकवलं. सुजेवर वीस वर्षं काम करूनही तिच्या सुजेपुढे माझं काही चाललं नाही. मी फक्त सकाळी गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवायचो आणि ती त्यात हात बुडवून बसायची.

उन्हाळा संपता संपता आम्ही तपासणीला गेलो. तिथले सांध्यांचे डॉक्टर, म्हणजे खरे, औषध देणारे, एकेक सांधा दाबून पाहत होते. काकूही आल्या होत्या, गोल गालांनी शेजारच्या खुर्चीत.

"इथे दुखतं?"

"नाई."

"इथे?"

"नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या हळदीकुंकवाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. मीही पुढे वाकलो.

"खरंच नाई," आई म्हणाली. "जोरानं दाबा ना, जेवले नाई का?" मग डावी करंगळी तिने स्वतःच पुढे केली. "हे दुखते. हे वाकलीई हाय. होईन का सरळ?"

"ही नाही होणार," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला हिला. बाकी सगळी वाचली."

आईने करंगळी उलटसुलट करून पाहिली. काकूंनीही वाकून पाहिली.

"म्हंजे मी आता निरोगी?" आईने विचारलं.

"तसं नाही आई. आजार आहे आत. आता फक्त झोपलाय."

"मंग झोपू द्या ना त्याले," ती खुर्चीतून उठत म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं कायले बोलता?"